सगुण आणि ताब्याचा दिवस

कोकणात खाडीच्या तोंडाशी एक गाव होतं आणि त्या गावात सगुण नावाचा एक भोळा पोरगा होता. भोळा म्हणजे किती? एकदा आईनं अंगणात खारवलेले बांगडे वाळत घातले आणि म्हणाली, "सगुणा, ह्यांच्यार नजर ठेव." सगुणनं ठेवली. कावळे आले, एकेक बांगडा उचलून गेले. सगुणची नजर काही हलली नाही. आई परत आली तेव्हा कुठला कावळा कुठला बांगडा घेऊन कुठल्या माडावर बसला, हे त्यानं बिनचूक सांगितलं.

आईनं कपाळाला हात लावला आणि त्याला शिडाच्या जहाजावर शिकायला पाठवलं. तिथं तरी शहाणा होईल, असं तिला वाटलं. आईच ती, तिला असं वाटणारच.

जहाजाचं नाव दर्याराणी. कप्तान होते रेवंडकर. माणूस कडक, पण पोरांवर जीव. दर्याराणीवर पोरांनी वर्षभर शिडं चढवायची, दोर ओढायचे, गाठी मारायच्या, आणि वर्षाच्या शेवटी यायचा ताब्याचा दिवस. त्या दिवशी जहाज पोरांच्या ताब्यात. लांबच्या एका बेटापासून आपल्या गावच्या धक्क्यापर्यंत पोरांनीच आणायचं. कप्तानांनी खुर्चीत बसून बघायचं, पण बोलायचं नाही. त्यांच्या तोंडून एक जरी हुकूम निघाला, तरी सगळी पोरं नापास. पुन्हा एक वर्ष. आणि न बोलता कप्तानांचा पाय धक्क्याला लागला, की सगळी पास. प्रत्येकाच्या छातीवर खलाशाचा पितळी बिल्ला.

सगुणचं हे तिसरं वर्ष होतं. आधीच्या दोन्ही वर्षी कप्तानांना बोलावं लागलं होतं. का, ते विचारू नका. यंदा आई सकाळपासून धक्क्यावर येऊन बसणार होती. बिल्ला लावायला तिनं सगुणसाठी नवा सदरा शिवून ठेवला होता.

ताब्याच्या दिवशी सकाळी चिठ्ठ्या टाकल्या. दिवसभराची कप्तान झाली कालिंदी. पोरगी हुशार. तिनं सगळ्यांना कामं वाटली आणि सगुणला सगळ्यात सोपं काम दिलं.

"सगुण, तू पुढे टोकावर उभा राहा. काही दिसलं की ओरडून सांग."

सगुण टोकावर जाऊन उभा राहिला. लगेच ओरडला, "पाणी!"

सगळे धावत आले. पाणीच होतं.

"अजून पाणी!" सगुण ओरडला. "ह्या बाजूकय पाणी! अरे बापरे, मागेय पाणी!"

कालिंदीनं त्याला खाली आणलं. "पाणी सांगू नकोस रे बाबा. समोरून कुणी येतंय का ते बघायचं असतं. समोरून कुणी आलं, तर आपण उजवीकडे वळायचं. समुद्राचा नियम आहे हा. कळलं?"

"कळला," सगुण म्हणाला. आणि खरंच कळलं होतं. तेच तर वाईट झालं.

दुपार झाली. स्वयंपाक तेवढा जहाजाच्या जुन्या आचाऱ्याकडे, बाबलकाकांकडे होता. त्यांनी माशाचं कालवण केलं होतं. वास असा सुटला होता, की शिडंसुद्धा त्या बाजूला फुगली असती. कालिंदी म्हणाली, "सगुण, पातेलं घेऊन ये."

सगुण पातेलं घेऊन निघाला. समोरून भात घेऊन बाबलकाका आले. सगुणला नियम आठवला. तो झटकन उजवीकडे वळला. उजवीकडे कठडा होता. सगुण कठड्यावर आपटला, घाबरला आणि त्यानं हात सोडले. समुद्रातले मासे मसाला लावून समुद्रात परत गेले.

"मेल्या, काय केलंस ह्या!" बाबलकाका ओरडले.

"माझा काय चुकला?" सगुण म्हणाला. "मी वळलंय. तुमीच वळूक नाय."

खुर्चीतल्या कप्तानांना कालवण फार आवडायचं. त्यांनी तोंड उघडलं. मग पोरांचे चेहरे बघितले आणि मिटलं. सगळ्यांनी कोरडा भात खाल्ला.

कालिंदीनं सगुणला बाजूला घेतलं. रागावली नाही, हे तिचं मोठेपण. म्हणाली, "हे बघ, हातात एखादी वस्तू दिली ना, की ती घट्ट धरायची. काही झालं तरी सोडायची नाही. आभाळ कोसळलं तरी."

"आभाळ कोसळला तरी," सगुण म्हणाला.

मग तिनं त्याला मोठ्या शिडाचा दोर धरायला दिला. सगुणनं असा धरला, की बघणाऱ्याला कौतुक वाटावं. वारा छान होता. गाव लांबून दिसायला लागलं. पोरं गाणी म्हणायला लागली. आणि तेवढ्यात डोंगराच्या कुशीतून एकदम जोराचा झोत आला. शीड टम्म फुगलं. जहाज एका अंगावर कलंडलं.

"सगुण, दोर सोड!" कालिंदी ओरडली.

सगुणनं आणखी घट्ट धरला.

"सोड म्हणते ना!"

"आभाळ खंय कोसळला? आणि कोसळला तरी सोडूचा नाय!"

जहाज आणखी कललं. कप्तानांची खुर्ची घसरायला लागली. कप्तान खुर्चीसकट या कडेपासून त्या कडेला गेले. जाताना त्यांनी दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं होतं, म्हणून खुर्ची धरायला हात उरले नाहीत. शेवटी तिघांनी मिळून सगुणची बोटं एकेक करून उघडली. दोर सुटला, शीड सैल पडलं, जहाज सरळ झालं. खुर्ची परत जागेवर आली.

कालिंदी सगुणसमोर येऊन उभी राहिली. ती म्हणाली, "सगुण, आता शेवटचं सांगते. दोर असा ताणलेला दिसला, की तो सोडायचा. लगेच. मला विचारायला यायचं नाही."

"इचारूचा नाय," सगुण म्हणाला.

आणि मग दर्याराणी धक्क्याला लागली! काय सुरेख लागली! पोरांनी शिडं उतरवली, दोर फेकले, धक्क्यावरच्या खुंटांना गच्च बांधले, फळी टाकली. सगळा गाव टाळ्या वाजवत होता. सगुणची आई नवा सदरा घेऊन पुढे उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

पोरं खाली उतरली. बाबलकाका उतरले. आता फक्त कप्तान उतरायचे होते. ते कपडे झटकत, टोपी नीट करत, हसत फळीकडे येत होते. दिवसभर ते एक शब्द बोलले नव्हते.

कालिंदी सगुणला म्हणाली, "तू आता काही म्हणजे काही करू नकोस. इथं खुंटाजवळ उभा राहा."

सगुण उभा राहिला. ओहोटी लागली होती, वारा जमिनीवरून सुटला होता. जहाज बाहेर जायला बघत होतं. खुंटाचे दोर ताणले गेले. चांगलेच ताणले गेले. सगुणनं कालिंदीकडे बघितलं. विचारावं असं त्याला वाटलं. पण विचारायचं नव्हतं.

त्यानं एक दोर सोडला. मग धावत जाऊन दुसरा सोडला.

दर्याराणी हळूच निघाली. फळी पाण्यात पडली. कप्तानांनी उचललेला पाय परत मागे घेतला.

धक्क्यावर एकच ओरडा झाला. सगुणच्या हातात अजून दुसऱ्या दोराचं टोक होतं. कप्तान त्याच्याकडे बघून दोन्ही हात हलवू लागले. दोराकडे बोट दाखवलं, खुंटाकडे दाखवलं, हात जोडले. घामाघूम झाले बिचारे, पण ओठ घट्ट मिटलेले. पोरांसाठी तो माणूस तसाच समुद्रात गेला असता.

सगुणला सगळं कळलं. कप्तानांना त्यांचा दोर हवा होता.

"घेवा, कप्तानसायब!" म्हणत त्यानं सगळा जोर लावून दोराचं टोक जहाजाकडे फेकलं.

"अरे फेकू नको, बांध!" कप्तान ओरडले.

दोर कप्तानांच्या हाताला चाटून पाण्यात पडला. कालिंदी मटकन खाली बसली. दर्याराणी शांतपणे खाडीबाहेर चालली होती, आणि एक होडीवाला तिच्यामागे वल्ही मारत सुटला होता.

आई सदरा छातीशी धरून सगुणजवळ आली. "काय झाला रे? बिल्लो खंय?"

सगुणनं तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"आये, अजून एक वर्स थांबूचा लागतला," तो म्हणाला. "कप्तानसायबांका अजून दोर झेलूक जमणा नाय."