तीन पंख्यांचं कार्ड

सोळा जीबीचं, तीन पंख्यांचं ग्राफिक्स कार्ड आल्यापासून इचलकरंजीच्या दौलतराव इंगवल्यांचे पाय जमिनीवर नव्हते. कॉम्प्युटर दुकानवाल्या शलाकाला त्यांनी तिच्या मशीनसकट मुद्दाम घरी बोलावून शर्यत लावली. झालं भलतंच! एकाच गेममध्ये तिच्या चार जीबीच्या जुन्या कार्डानं सेकंदाला साठ फ्रेम दिल्या, त्यांच्या मशीननं जेमतेम वीस.

“तुझं मोजमापच खोटं! चारचौघांत माफी माग, नाहीतर दुकानाची पाटी उतरव!” दौलतराव गरजले.

शलाकानं मशीनच्या मागे डोकावून पाहिलं, मशीन बंद केलं, कार्ड काढून त्यांच्याच हातात ठेवलं आणि गेम पुन्हा लावला. तरीही वीसच!

“काका, मॉनिटरची केबल कार्डाला नव्हतीच, मदरबोर्डला होती. प्रोसेसरमधली छोटी ग्राफिक्स चिप बिचारी एकटी राबतेय. जोडली कुणी?”

“जावईबापूंनी,” दौलतराव पुटपुटले.

“तरीच! कार्डही जावयासारखं नुसतं बसून वीज खात होतं.”