दाबके सरांची जळलेली कॉइल

चूक दाबके सरांचीच होती, आणि हे मी त्यांच्या तोंडावरही सांगेन. पॉलिटेक्निकच्या वर्कशॉपमधल्या त्या ऑइलच्या वासासाठी अजूनही जीव तळमळतो माझा.

शेवटच्या प्रॅक्टिकलला जुनी मोटरसायकल चालू होईना. सरांनी हातही न लावता निकाल दिला, "कॉइल जळलीये, प्लगला करंटच येत नाही. लिहा सगळ्यांनी."

"सर, कॉइल चांगली आहे. प्लग काजळलाय."

"वीस वर्षं शिकवतोय मी! तू मला सांगणार?"

मी प्लगची वायर काढून त्यांच्यापुढे धरली. "जळलीये ना? मग हे टोक हातात धरा, सर. झटका काही बसायचा नाही. मी किक मारतो."

सरांनी दोन्ही हात पाठीमागे नेले. वर्ग खदखदून हसला. प्लग घासून बसवला, तशी गाडी पहिल्या किकला सुरू झाली.

सरांनी मला नापास केलं आणि माझा डिप्लोमा कायमचा राहिला.