मगरीचा उतार आणि ओढीचा उतार

नदीकाठच्या एका जंगलात एक सशीण आपल्या दोन पिल्लांना घेऊन राहत असे. स्वभावानं भारी घाबरट, पण डोक्यानं मुळीच कच्ची नव्हती. एका उन्हाळ्यात भर दुपारी जंगलाला वणवा लागला आणि धूर बघता बघता तिच्या बिळापर्यंत आला. नदी ओलांडून पलीकडे जाणं, एवढाच मार्ग उरला. ओलांडायला उतार, म्हणजे उथळ पाण्याच्या वाटा, होते दोन. वरच्या उताराशेजारी डोहात मगर होती. खालच्या उताराला पाण्याची ओढ अशी, की पाय सुटला की जीव गेलाच म्हणायचा.

त्या जंगलाची एक रीत होती, बरं का. दोन्ही उतारांवर एकेक राखणदार बसे आणि पाण्यात उतरणाऱ्या प्रत्येक प्राण्यामागे एक खडा टाकी. प्राणी पार झाला तर पांढरा, गेला तर काळा. पण दोघांची तऱ्हा वेगळी. वरचा वानर काळ्यांचा ढीग वेगळा ठेवी, पांढऱ्यांचा वेगळा. खालची टिटवी सगळे खडे एकाच ढिगात टाकी. वर्षानुवर्षं हे असंच चाललं होतं आणि त्यात कुणाला काही वावगं वाटलं नव्हतं.

सशीण धापा टाकत वरच्या उतारावर पोचली. तिथं एक भेकर आधीच थरथरत उभं होतं.

"वानरआजोबा, इथं धोका किती?" सशिणीनं विचारलं.

"एका काळ्याला दोन पांढरे," वानर म्हणाला. "मी खडे टाकतो, बाई. सल्ला देत नाही."

एवढ्यात मागून कोल्हा आला. खालच्या उतारावरून वाहून गेलेले प्राणी पुढच्या वळणावर काठाला लागत, आणि या गृहस्थाचं पोट त्यावरच भरत असे. जंगल पेटलं तरी त्याला आपल्या जेवणाचीच पडली होती.

"अहो सशीणबाई, इथं कशाला मरता?" तो अगदी कळवळून म्हणाला. "एकाला दोन म्हणजे निम्मे गेले की. टिटवीकडे पाचांत दोनच काळे आहेत. निम्म्याहून कमी. चला खाली, लेकरांची काळजी करा जरा."

भेकर लगेच वळलं. सशीणही पिल्लांना घेऊन दोन उड्या पुढे गेली. धुरानं डोळे चुरचुरत होते, पाठीला आच लागत होती, आणि विचार करत बसायची ही वेळच नव्हती. तरी ती थबकली. निम्मे? कुणातले निम्मे? ते दोन पांढरे म्हणजे वाचलेले. पण जो गेला, तोही पाण्यात उतरलाच होता की. त्याला कोल्ह्यानं मोजलंच नाही. म्हणजे उतरले तीन आणि गेला एक.

तिनं पुन्हा मनाशी मांडून पाहिलं. पंधरा जण उतरले, तर इथं पाच जातात. टिटवीकडे पंधरांत सहा.

"भेकरा, थांब," ती ओरडली. "इथं पाच जातात, तिथं सहा. इथूनच जाऊ."

"पंधरांत एकाचाच फरक?" भेकर म्हणालं. "त्यासाठी मगरीच्या पुढ्यातून जायचं, ताई?"

"तो एक माझ्या पिल्लांपैकी असला तर?" सशीण म्हणाली. "किंवा तू असलंस तर?"

कोल्ह्यानं तोंड वाकडं केलं आणि चालता झाला. भेकर माघारी फिरलं. मग म्हणालं, "चल, तुझ्यावर भरवसा ठेवतो मी."

चौघं उतारात शिरली. सशीण दगडावरून दगडावर उडी मारी आणि मागे वळून पिल्लांना बोलावी. मधल्या उघड्या पाण्यात डोहाकडून एक लाट आली. "पोहा, थांबू नका," एवढंच ती म्हणाली. मागे जोरात पाणी खळबळलं, एकदा भेकराचा आवाज आला आणि बंद झाला. तिनं मागे पाहिलं नाही. पुढचा काठ पायाला लागेपर्यंत ती पिल्लांना ढकलतच राहिली.

काठावर तिघं होती. सशीण वाळूत बसली आणि रडू लागली. भेकराला तिनंच परत बोलावलं होतं, आणि ते तिच्या भरवशावर आलं होतं.

धाकटं पिल्लू तिला बिलगलं. "आई, तुझा हिशेब चुकला का गं?"

सशिणीनं नदीकडे पाहिलं आणि म्हणाली, "नाही रे बाळा. तीन उतरले तर एक जातो, हे मला ठाऊक होतं. तो एक कोण, हे कुठल्याच हिशेबाला सांगता येत नाही. उद्या पुन्हा अशी वेळ आली, तर मी हाच उतार धरीन, आणि तेव्हाही मला अशीच भीती वाटेल."

तात्पर्य : गेलेले आणि वाचलेले मिळून सारे होतात; त्या साऱ्यांत गेले किती, हे पाहूनच धोका जोखावा. पण नीट जोखलेला धोकाही धोकाच असतो, हे विसरू नये.