वाक्याचा कर्ता

एका नगरीत एक वृद्ध आचार्य राहत. राष्ट्रे संगणकांच्या जाळ्यातून एकमेकांशी जे वैर करतात, त्याच्या घटना गोळा करून त्यांतून सत्य निवडणे हा त्यांचा आयुष्यभराचा व्यासंग. त्यांची शिष्या ऋजुता बुद्धीने तल्लख आणि रागाने त्याहून तल्लख.

एके सकाळी राजधानीची वीज गेली. दुपार होते न होते तोच ज्याच्या त्याच्या तोंडी एकच वाक्य होते, 'शेजाऱ्यांचा सायबर हल्ला झाला!' मंत्री खवळले. दुसऱ्या दिवशी सभा घ्यायची आणि शेजारी देशाची वीज तोडायची, असे त्यांच्या मनाने घेतले. पुरावा तेवढा आचार्यांकडून हवा होता. ऋजुताने तो हां हां म्हणता सिद्ध केला. गेल्या अनेक वर्षांतले शेजाऱ्यांचे शेकडो हल्ले तिने मांडले आणि शेवटी आजचा.

आचार्यांनी सगळे शांतपणे वाचले. "मेहनत दिसते आहे. आता हेच 'हल्ला' हा शब्द न वापरता पुन्हा लिही. आणि प्रत्येक वाक्याला कर्ता हवा."

ऋजुताचा पारा चढला. "सर, उद्या सभा आहे! देश पेटलाय आणि तुम्ही मला व्याकरण शिकवताय?"

"हो," आचार्य म्हणाले आणि चष्मा पुसू लागले.

ती धुसफुसत लिहायला बसली. 'हल्ला झाला' गेल्यावर क्रियापदे शोधणे आले. शेजाऱ्यांनी कुठे नुसते डोकावले होते, कुठे कागदपत्रे चोरली होती, कुठे सरकारी संकेतस्थळावर शिव्या लिहून पळ काढला होता. खरोखर काही बंद पाडल्याच्या घटना बोटांवर मोजण्याइतक्याच उरल्या, आणि त्या प्रत्येकीत घुसखोरांच्या खुणा सापडल्या होत्या. मग आजची घटना आली. 'वीज गेली' एवढे लिहून ती थबकली. नाव जिभेवर होते, पण खूण एकही नव्हती.

"आपल्या भाषेत वीज जाते, पाणी जातं, हल्ला होतो," आचार्य म्हणाले. "करणारा दिसतच नाही. घरात बोलायला ते सोयीचं आहे. पण अभ्यासकानं ती सोय घेतली, की त्या रिकाम्या जागी जो तो आपल्या रागातलं नाव भरतो. ते नाव चुकलं, तर उद्या पलीकडची इस्पितळं अंधारात जातील. तेव्हा मात्र कर्ता आपण असू."

सभेत मंत्र्यांनी विचारले, "हल्ला झाला की नाही? एका शब्दात सांगा."

"एका शब्दात नाही सांगता येणार, साहेब," ऋजुता म्हणाली. "वीज गेली हे खरं. कुणी घालवली, ते अजून ठाऊक नाही. शेजारी डोकावतात, चोरतात, ते सगळं इथे मांडलंय. पण त्यांनी काही बंद पाडल्याचं जेव्हा सिद्ध झालं, तेव्हा दर वेळी खुणा सापडल्या. इथे एकही नाही."

"तुमची देशभक्ती कुठे गेली?"

"तीच मला खोटं नाव लिहू देत नाहीये."

मंत्री तिचे कागद चाळू लागले. मग म्हणाले, "आधी तपास करा." शेजाऱ्यांचे दिवे चालू राहिले.

बाहेर आल्यावर आचार्य म्हणाले, "पोरी, फार अभिमान वाटला मला तुझा."

तपास अजून चालूच आहे. ऋजुताच्या संग्रहात त्या दिवसाच्या नोंदीपुढे कर्त्याची जागा कोरी आहे. नवा विद्यार्थी आला, की ती त्याला सर्वांत आधी ती कोरी जागा दाखवते, अगदी ताठ मानेने.