लाल मातीची मोहोर

डोंगरउतारावर एक गाव होतं. तिथल्या द्राक्षांच्या मद्याला लांबलांबच्या बाजारात मान होता, कारण प्रत्येक सुरईच्या तोंडावर डोंगराच्या लाल मातीची मोहोर असे. मोहोर म्हणजे गावाचा शब्द: आतलं एकूणएक द्राक्ष याच डोंगरावरचं.

ती लावायला गावाने एक मोहोरदार नेमला होता. रीत अशी, की त्याने भर उन्हात बाग न् बाग चढायची, खुडणी स्वतःच्या डोळ्यांनी बघायची आणि मगच मोहोर दाबायची.

एका सुगीत सर्वांत मोठ्या तळघराचे शेटजी त्याला म्हणाले, "या वयात कशाला चढण चढता? इथे गारव्याला बसा. सुरया आम्ही तुमच्यापुढे आणून ठेवू."

मोहोरदार बसला. बसल्या जागेवरून त्याला मागचं दार दिसत होतं. तिथे नदीपलीकडच्या गाड्या द्राक्षं ओतत होत्या.

"शेटजी, हा माल पलीकडचा दिसतो."

"असेल. सुरई इथली, तळघर इथलं, मोहोरेची माती तर अस्सल डोंगराची. मग खोटं काय आहे त्यात?"

मोहोरदाराला हे पटलं नाही. पण गारवा पटला. त्याने मोहोर दाबली.

वर डोंगरावर एका बागवालीचे घड वेलीवरच सुकायला लागले होते. शेटजींना पलीकडचा स्वस्त माल मिळाल्यावर तिला कोण विचारतो? शेवटी तिने घरीच मद्य केलं, मोहोरदाराला ओढत नेऊन बाग दाखवली आणि हक्काची मोहोर लावून घेतली.

बाजारात आधी शेटजींच्या सुरया उघडल्या. पाणचट, आंबूस. लोकांनी तोंडं वाकडी केली. मग बागवालीची पाळी आली. गिऱ्हाइकाने मोहोर पाहिली आणि सुरई खाली ठेवली.

"चाखून तरी बघा, दादा."

"चाखली की मघाशी. तीच लाल माती."

तिचा सगळा माल परत आला. शेटजींचं काही बिघडलं नाही. त्यांनी दुसऱ्या गावाचं नाव लावून धंदा चालू ठेवला.

पुढच्या सुगीत मोहोरदार धापा टाकत सगळ्यांत आधी तिच्या बागेत पोचला. त्याने माती मळली, मोहोर पुढे केली. बागवालीने सुरई पदराआड घेतली.

"नको, काका. बिनमोहोरेची निदान कुणी चाखून तरी बघेल."

तात्पर्य, आणि हे मोहोर हातात असलेल्यांनी आधी ऐकावं: लबाड माणूस आपला एक माल खोटा विकतो; ती लबाडी डोळ्यांनी बघूनही मोहोर दाबणारा गावाचा सगळा खरा माल खोटा पाडतो.