वीतभर वर गेलेली रेघ

ही कथा मी सांगायची नव्हती. येत्या पौर्णिमेला आमच्या विहारात भंते ती सांगणार आहेत. मला त्यांनी फक्त स्वच्छ अक्षरात उतरवून द्यायला सांगितली होती आणि वर बजावले होते, "तोवर कोणाला सांगू नकोस." पण लिहिता लिहिता माझ्याने राहवले नाही. म्हणून सांगते.

जेतवनात एक भिक्षू होता. त्याला स्वतःची चूक कबूल करणे फार जड जाई. बाकीच्या भिक्षूंनी ही गोष्ट शास्त्यांच्या, म्हणजे बुद्धांच्या, कानावर घातली. तेव्हा शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, याला हे आजच जड जाते असे नाही. मागेही याला पाण्यात बसावे लागले होते." आणि त्यांनी ही पूर्वीची गोष्ट सांगितली.

अंग देशात चंपानगरीच्या गादीवर राजा भद्रसेन असताना बोधिसत्त्व एका नावाड्याच्या घरी जन्माला आले. त्यांचे नाव क्षेमक. मोठे झाल्यावर, पाण्याची आणि लाकडाची त्यांची पारख पाहून, राजाने त्यांना घाटाध्यक्ष नेमले. नदीकडे उतरणारा राजरस्ता, त्यावरचे पूल आणि घाटावरच्या चाळीस नावा यांची देखरेख त्यांच्याकडे असे. नाव तपासून झाली की ते तिच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, राजमुद्रा उमटवीत. मुद्रा नसलेल्या नावेत कोणी पाऊल ठेवीत नसे. राजाच्या वडिलांच्या वेळचा एक कडक नियमही होता. ज्याची मुद्रा खोटी ठरेल, त्याने त्याच दिवशी पद सोडावे.

प्रत्येक नावेच्या अंगावर बाहेरून गेरूची एक आडवी रेघ असे. तिला राजरेघ म्हणत. माणसे चढत जात, तसतशी नाव खाली बसे. रेघ पाण्याला टेकली की नावाडी हात आडवा करी आणि पुढच्या माणसाला म्हणे, "आता पुढच्या खेपेला." मग कोणी कितीही मोठा असो, तो काठावरच थांबे.

ही रेघ पहिल्यांदा आखली ती क्षेमकांच्या वडिलांनी. पावसाळा सरला की नावांना तेल पाजून त्यांची पूजा करायची आणि रेघ नव्याने ओढायची, ही रीतही त्यांचीच. पण रेघेला कुंकू लावलेले असे, तिच्यासमोर दिवा ओवाळलेला असे. पुजलेल्या रेघेवर पुन्हा कुंचला फिरवणे नावाड्यांच्या जिवावर येई. म्हणून जुन्या रेघेला अगदी चिकटून, तिच्या वरच्या अंगाला नवी रेघ ओढायची, असे ठरून गेले. जुनी रेघ नदी वर्षभरात पुसून टाकी. वडील जाऊन बरीच वर्षे झाली होती, तरी त्यांची रीत घाटावर कोणी मोडली नव्हती.

त्या वर्षी नावांची पूजा झाली. दुसऱ्या दिवसापासून पैलतीरावर मोठी जत्रा भरायची होती. पूजेच्या दिवशी क्षेमकांची म्हातारी आई रोहिणा पलीकडे बहिणीला भेटायला गेली आणि दुपारी परतली. जाता-येता ती आपल्या नवऱ्याच्याच जुन्या नावेत बसली होती. त्या नावेचे नाव हंसी.

क्षेमक जेवायला बसले होते. आईने पदराचे टोक पिळले आणि म्हणाली, "क्षेमा, माझे हात लांब झाले, की तुझ्या बापाची नाव बुटकी झाली?"

"का गं?"

"लग्न होऊन आले तेव्हा हंसीच्या काठाशी बसून मी पाण्याला हात लावायला बघायची. पुरत नसे. तुझा बाप हसायचा. आज नुसता हात खाली सोडला, तर मनगटापर्यंत भिजले. माणसं तरी किती भरतात रे! आमच्या वेळी चाळीस झाली की ती कुरकुरायची. आज साठ होती, आणि वर एक बोकड."

क्षेमक हसले. मग त्यांचा घास हातातच राहिला.

ते तसेच उठून घाटावर गेले. लहानपणी त्यांनी एक गोष्ट पाहिली होती, ती त्यांना आठवली. पहिली रेघ आखली त्या दिवशी वडिलांनी हंसीच्या आतल्या अंगाला, बरोबर रेघेच्या उंचीवर, तांब्याचा एक खिळा ठोकला होता. नाव रिकामी होती. क्षेमकांनी आत वाकून शेवाळ खरवडले. खिळा तिथेच होता, हिरवा पडलेला. त्यांनी एक काठी काठावरून आत सोडून खिळ्यापर्यंत मापली. मग तीच काठी बाहेरून धरली. खिळ्याची जागा आणि आजची रेघ यांच्यामध्ये त्यांची अख्खी वीत मावली.

रेघेची रुंदी अर्धे बोट. वर्षे झाली चोवीस. कोणी लबाडी केली नव्हती. सगळ्यांनी भक्तीने, हात धुऊन, दर वर्षी रेघ अर्धे बोट वर नेली होती. आता नाव रेघेपर्यंत भरली की तिचा काठ पाण्याच्या वर जेमतेम चार बोटे उरत होता. आणि दुपारी नदीवर पूर्वेचा वारा सुटत असे.

नाळेवर त्यांचीच मुद्रा होती. सहा वर्षांच्या सहा मुद्रा, एकीखाली एक.

ते घरी आले आणि आईला सगळे सांगितले.

"रेघ चुकली म्हणालास, तर पहिली चूक तुझ्या बापाची ठरेल," ती म्हणाली. "त्याच्या नावाने अजून घाटावर दिवा लावतात."

"होय."

"आणि दुसरी तुझी. मुद्रा जाईल."

"होय, आई."

"उद्या जत्रेला माणसं किती जातील?"

"दोन हजार तरी."

रोहिणाने त्यांचे ताट पुढे सरकवले. "मग बापाला काय वाटेल ते मी बघते. तू आधी जेव. उपाशीपोटी राजाशी बोलू नये."

सकाळी घाटावर ही गर्दी लोटली. टोपल्या, पोरे, ढोलकीवाले, नव्या वहाणा हातात धरून चालणाऱ्या बाया. आणि नावांसमोर क्षेमक उभे. एकही नाव सुटू देईनात. हातात गेरूचे भांडे घेऊन ते प्रत्येक नावेवर वीतभर खाली नवी रेघ ओढत होते.

घाटावरच्या नावाड्यांचा मुखिया कुंभील होता. क्षेमकांना त्यानेच लहानपणी पोहायला शिकवले होते. तो दणदणत आला.

"अध्यक्षमहाराज, आज काय रांगोळी काढायला बसलात?"

"कुंभीलकाका, रेघ वर चढली आहे. या रेघेवर नाव भरली, तर वाऱ्यात ती पाणी घेईल."

"चोवीस वर्षं घेतलं नाही, ते आजच घेईल? अरे पोरा, ही तुझ्या बापाने घालून दिलेली रीत! बापाच्या रेघेवर बोळा फिरवतोस?"

"बापाची रेघ खाली, हंसीतल्या तांब्याच्या खिळ्यापाशी आहे, काका. वरच्या सगळ्या आपल्या."

"ऐका!" कुंभील गर्दीकडे वळून ओरडला. "याच्या हिशेबाने साठाच्या जागी चाळीस बसायचे. बाकीच्यांनी काय, बोकडासारखं पोहत जायचं?" लोक हसले, मग चिडले. कोणी म्हणाले, जत्रा संपल्यावर पोचवणार वाटते हा. कोणी याहून वाईट बोलले. क्षेमकांनी ऐकून घेतले आणि पुढच्या नावेकडे गेले.

एवढ्यात राजा भद्रसेन आला. तोही जत्रेलाच निघाला होता. कुंभीलने तक्रार मांडली. राजाने क्षेमकांकडे पाहिले.

"रेघ राजाची आहे," राजा म्हणाला. "ती चुकली असे तू म्हणतोस. दाखव."

क्षेमकांनी वाद घातला नाही. हंसी काठालगत, कमरेएवढ्या पाण्यात आणवली. साठ माणसांच्या वजनाइतकी वाळूची पोती तिच्यात ठेववली. पाणी बरोबर काल पुजलेल्या रेघेला टेकले.

"सुकाणूवर कोणी बसायला हवे," क्षेमक म्हणाले.

"मी बसतो की!" कुंभील म्हणाला. पागोटे नीट करून तो ऐटीत चढला आणि मांडी घालून बसला. "बघा, कशी गाईसारखी उभी आहे!"

"महाराज, आता आपली राजनौका हिच्या जवळून वल्हवत नेऊ द्या. दुपारच्या वाऱ्याने उठते तेवढीच लाट उठेल. जास्त नाही."

राजनौका गेली. पहिली लाट हंसीच्या काठाला लागली आणि थोडी आत सांडली. दुसरीही आत आली. तिसऱ्या लाटेला काठ उरलाच नव्हता. नाव उलटली नाही की फुटली नाही. म्हातारी गाय बसावी तशी ती हळूच तळाला बसली. कुंभील छातीपर्यंत पाण्यात, तशीच मांडी घालून. त्याचे पागोटे सुटून लांबच लांब वाहत निघाले.

घाट खदखदून हसला. मग एका बाईने आपले पोर कडेवर ओढून घेतले आणि हसू थांबले. ती कालच हंसीतून आली होती. तिथे जवळपास सगळेच कधी ना कधी हंसीतून आले होते.

राजाने विचारले, "ही चूक कोणाची?"

क्षेमकांना क्षणभर वाटले, की वडिलांचे नाव घेऊ नये. मग वाटले, सगळेच त्यांच्यावर सोपवावे, म्हणजे आपले पद वाचेल. त्यांनी दोन्ही केले नाही.

"महाराज, रीत माझ्या वडिलांनी घातली. तिच्यात खोट होती. पण वडील नावेत बसून पलीकडे जात, ते असते तर त्यांना ती पुढे कळली असती. गेली सहा वर्षे तपासणी माझी आहे. मी रेघ पाहिली. नाव पाहिली नाही. या मुद्रा खोट्या आहेत." आणि कमरेची मुद्रा सोडून त्यांनी राजाच्या पायाशी ठेवली.

नियम राजाच्या वडिलांचा होता. राजाने मुद्रा उचलली आणि म्हणाला, "नियमाप्रमाणे क्षेमक आता घाटाध्यक्ष नाही. मला नवा माणूस नेमायचा आहे. कुंभीला, तू मुखिया आहेस. या घाटावर नावेची पारख कोणाला आहे, सांग."

कुंभील पाण्यातून उठला. अंगातून पाणी निथळत होते, डोके बोडके. तो काठावर आला आणि मान खाली घालून म्हणाला, "महाराज, मला आहे असं काल म्हणालो असतो. आता कसं म्हणू? आम्ही चाळीस जणांनी चोवीस वर्षं रेघेची पूजा केली. खिळा शोधायला एकटा वाकला." त्याने क्षेमकांकडे बोट केले. "ह्यालाच द्या. पण ह्याला सांगा, पुन्हा मला सुकाणूवर बसवू नको."

क्षेमकांनी मुद्रा परत घेतली, पण दोन अटींवर. प्रत्येक नावेत आतून तांब्याचा खिळा ठोकावा आणि रेघ दर वर्षी त्या खिळ्यावरून मापावी. आणि मुद्रा उमटवणाऱ्याने त्या वर्षीच्या पहिल्या भरलेल्या खेपेला स्वतः त्या नावेत, काठाशी, हात खाली सोडून बसावे.

राजाने अटी मान्य केल्या, आणि त्या दिवशी राजनौका बाजूला ठेवून तोही काठावर आपली पाळी येईपर्यंत थांबला. जत्रेला सगळे उशिरा पोचले. गूळ संपला होता, निम्मे खेळ होऊन गेले होते. दुपारी पूर्वेचा वारा सुटला तेव्हा अकरा नावा मधल्या धारेत होत्या. त्या डुलल्या आणि पुढे गेल्या. दोन हजार माणसे गेली, ती दोन हजारही कुरकुरत घरी परत आली. संध्याकाळी रोहिणाने नवऱ्याच्या नावाचा दिवा नेहमीच्याच जागी लावला.

एवढे सांगून शास्त्यांनी जन्मांची गाठ उलगडली. त्या वेळचा राजा भद्रसेन म्हणजे आजचा भिक्षू आनंद. पाण्यात बसलेला कुंभील म्हणजे ज्याला चूक कबूल करणे जड जाते तो भिक्षू. आई रोहिणा म्हणजे बुद्धांची आई महामाया. आणि घाटाध्यक्ष क्षेमक म्हणजे स्वतः तथागत. त्या जन्मी त्यांनी जी पारमिता, म्हणजे पूर्णत्वाला नेलेला गुण, पाळली ती सत्याची. दुसऱ्याची चूक दाखवणे हे त्यातले सोपे सत्य. स्वतःच्या मुद्रेखालची चूक स्वतः दाखवणे, तेही कोणी विचारण्याआधी, हे अवघड. म्हणून मीही ठरवले आहे, की पौर्णिमेची वाट न पाहता आजच भंतेंना सांगायचे, की तुम्ही नको म्हटले असताना मी ही कथा सगळ्यांना—

"उत्पला! अगं, भंते आलेत दारात, वही घेऊन ये!"