तानीचा गोड टोमॅटो

तानीच्या घरी भाकरीबरोबर खायला एकच गोष्ट होती, अंगणातल्या फुटक्या डब्यांमध्ये पिकणारे आंबटढाण टोमॅटो. आणि तिच्या धाकट्या भावाचं, बबनचं, तोंड कायम आलेलं. टोमॅटोचा रस जिभेला लागला की तो भोकाड पसरायचा आणि अर्धपोटीच झोपायचा. दिवसेंदिवस बिचारा काटकुळा होत चालला होता.

शेजारच्या मनोरमाकाकूंच्या बागेत मात्र इवले इवले, सोनेरी, गोड गोड टोमॅटो लगडले होते. तानीने बबनसाठी एक मागितला.

"एक दिला की बी गेलं," काकू म्हणाल्या. "मग माझ्या बागेत वेगळं काय राहिलं?"

आणि जास्तीचे टोमॅटो त्यांनी खड्ड्यात पुरले. पुरले हो! सांगतानासुद्धा माझं डोकं फिरतं.

तानी कुंपणाशी उभी राहून पाय आपटत रडली. तेवढ्यात एका फुलातून एक चिमुकली परी बाहेर आली. पिवळाधमक झगा, हिरवे पंख आणि पंखांवर दवाचे चमचम थेंब!

"एक इच्छा माग," परी म्हणाली.

"काकूंच्या बागेला कीड लागू दे!"

"असलं काही मी देत नाही."

तानीने नाक पुसलं. "मग माझ्या झाडाला गोड टोमॅटो लागू देत. बबनसाठी."

"लागतील. पण कष्ट तुझे. पहिल्या गोड फळाचं बी राखायचं. आणि जो मागेल त्याला ते द्यायचं, मग तो कोणीही असो. कबूल?"

"कबूल!"

परीने तिला शिकवलं. आपल्या झाडाची उद्या उमलणारी कळी बाभळीच्या काट्याने हलकेच उघडायची. आतले केसर काढून टाकायचे. मधल्या नाजूक दांडीवर काकूंच्या फुलातली पिवळी धूळ लावायची. ती धूळ परीने पंखांवरून आणली, भुंगे नेतात तशीच. शेवटी ओळखीसाठी देठाला लाल दोरा बांधायचा.

दोऱ्याचं फळ पिकलं. तानीने बी धुतलं, वाळवलं, पुढच्या मोसमात पेरलं.

सगळे टोमॅटो लाल. सगळे आंबट!

"खोटारडी!" तानी किंचाळली. "माझा बबन अजून उपाशीच आहे!"

परीही लालबुंद झाली. "मी खोटारडी? बबनच्या गालावर खळी कोणाची गं?"

"आजोबांची."

"आणि तुझ्या बाबांना आहे?"

तानीने आठवून पाहिलं. बाबांच्या गालावर खळी नव्हती.

"मग याच लाल टोमॅटोंचं बी पेर. बाबांमध्ये खळी लपली होती, तसा यांच्यात गोडवा लपलाय."

तानीने धुसफुसत पुन्हा डबे भरले. या वेळी झाडं निघाली तऱ्हेतऱ्हेची. फळं लाल, पिवळी, आंबट, पाणचट. आणि अगदी कोपऱ्यातल्या डब्यात एक झाड, इवल्या सोनेरी टोमॅटोचं. त्याचं एकच फळ पिकलं होतं. तानीने त्याचं बी काढलं आणि बोट चाटलं. गोड!

ती बबनला हाक मारणार, तोच दारात मनोरमाकाकू आल्या. त्यांची झाडं रोगाने मेली होती, घरातलं बी उंदरांनी खाल्लं होतं. गावात कोणाला ते दिलंच नव्हतं, तर परत मागणार कोणाकडे?

"तानी, थोडं बी देतेस गं?"

तानीची कानशिलं तापली. दार धाडकन लावावं असं तिला वाटलं. मलाही वाटलं असतं! पण तिने शब्द दिला होता. तिने बियांचे दोन वाटे केले आणि एक काकूंच्या हातावर ठेवला.

"घ्या. पण काकू, आता कोणी मागितलं तर तुम्हीही द्यायचं. खड्ड्यात पुरायचं नाही!"

काकूंनी मान खाली घातली. "नाही पुरणार," त्या म्हणाल्या.

तेव्हा अंगणभर सोनेरी उजेड पसरला. त्यात उभी राहून परी हसली. "एवढा राग होता, तरी मूठ उघडलीस," ती म्हणाली, आणि उजेडातच विरून गेली. तो उजेड झाडावर झिरपला आणि सगळी हिरवी फळं एकदम पिकली.

तानीचा काकूंवरचा राग गेला का? छे, मुळीच नाही. पण बबनने एक टोमॅटो तोंडात टाकला, डोळे घट्ट मिटून वाट पाहिली, आणि तोंड झोंबलंच नाही. मग तो हसला, आणि गालावर आजोबांची खळी पडली.